भिंतीची साक्ष

छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडीं अद्यापि औरंगाबाद म्हणून असलेल्या या शहरास, जो पाहुणा येतो तो बीबी-का-मकबरा पाहून परततांना एक वाक्य बहुधा बोलतोच : “ताजमहालासारखा आहे खरा, पण याला नुसता चुना लावला आहे हो !” या वाक्यांतील ‘नुसता’ हा शब्द आम्हीं इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे कीं, त्याचा प्रतिवाद करण्याचा उत्साहहि आतां उरलेला नाहीं. परंतु अलीकडे त्या चुन्यास एक अनपेक्षित कैवारी मिळाला आहे. तो कोणी इतिहाससंशोधक नव्हे कीं कलारसिक नव्हे; खिशांत मावणारें, तांबड्या लेसर-किरणानें अंतर मोजणारें तें एक लहानसें यंत्र आहे. त्यास संगमरवर आणि चुना यांतून एकाची निवड करावयास सांगितली, तर तें डोळे मिटून चुना पसंत करील.

मकबऱ्याची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू ही १६५७ त निवर्तली, आणि तिच्या कबरीवर तिचा मुलगा आझमशहा याच्या नांवानें ही इमारत उभी राहिली. मुख्य दरवाजावरील लेखांत अताउल्ला व हंसपतराय अशीं दोन नांवें आहेत. एकानें इमारतीची कल्पना आंखली व दुसऱ्यानें ती उभारली असें मानतात. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला अशी नोंद एका जुन्या तवारिखेंत आहे. सात आण्यांपर्यंतचा हिशेब ठेवणारा तो कारकून आम्हांस फार आवडतो. पैसा थोडा म्हणून संगमरवरहि थोडा. मुख्य इमारतीच्या भिंतींस खालच्या पट्टीपर्यंत संगमरवर. त्यावर घुमटाच्या बैठकीपर्यंत आमच्याच डोंगरांतला काळा दगड, आणि त्या दगडावर बारीक चुन्याचा घोटींव गिलावा. घुमट पुन्हां संगमरवराचा. म्हणजे चकचकीत दगड, काळा दगड आणि पांढरा चुना हे तिन्ही पृष्ठभाग एकाच इमारतींत एकावर एक बसलेले आहेत. लेसरनें मोजणी करूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यास याहून चांगली शाळा मिळणें कठीण.

आतां हें यंत्र करतें तरी काय ? १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मैमन यानें पहिला लेसर-किरण निर्माण केला. हातांत धरून वापरावयाचें पहिलें लेसर-मापक १९९३ त बाजारांत आलें. आणि आज तें गवंड्यासुताराच्या पिशवींतहि ओळंब्याशेजारीं पडलेलें दिसतें. त्याच्या तोंडांतून तांबडा किरण निघतो, समोरच्या भिंतीवर ठिपका पाडतो, आणि त्या ठिपक्यांतून जो उजेड परत यंत्राकडे येतो त्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतें. प्रकाश सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर जातो. १९८३ पासून तर मीटरची व्याख्याच या वेगावर बसविलेली आहे. दहा मीटरांवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यावयास प्रकाशाला सेकंदाचा दीड कोटावा भाग लागतो. एका मिलिमीटरचा फरक ओळखावयाचा म्हणजे सेकंदाचे १५,००० कोटि भाग करून त्यांतला एक ओळखावयाचा. एवढें सूक्ष्म घड्याळ खिशांत बाळगणें अवघड, म्हणून यंत्रकारांनीं युक्ति काढली आहे. किरणाची प्रखरता सेकंदांत कोट्यवधि वेळां कमीजास्त करावयाची, आणि गेलेल्या व आलेल्या उजेडाच्या या चढउतारांत किती मागेंपुढें झालें हें पाहून अंतर ठरवावयाचें. दिंडींतल्या शेवटच्या टाळकऱ्याचा टाळ पहिल्याच्या किती मागून ऐकूं येतो यावरून दिंडीची लांबी ताडावी, तशांतला हा प्रकार आहे.

फीत लावली कीं तिचें टोंक भिंतीस टेकतें. किरणाचें तसें नाहीं. तो भिंतीस विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर जोरानें यावयाचें कीं क्षीण, सरळ यावयाचें कीं आडवळणानें, हें सर्व भिंतीच्या कातडीवर अवलंबून असतें. यंत्रासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेंत अचूकता दीड-दोन मिलिमीटर असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें. त्याखालीं बारीक अक्षरांत असें असतें कीं ही अचूकता पांढऱ्या, उजेड चांगला परतविणाऱ्या पृष्ठभागावर, आणि भोंवतालचा उजेड मंद असतांना मिळेल. प्रखर उन्हांत व काळपट पृष्ठभागावर चूक वाढेल. पाणी, स्वच्छ कांच, थर्माकोल व फार चकाकणारे पदार्थ यांवर मोजतांना भलतेंच माप येण्याचा संभव आहे. आम्हीं जीं जीं यंत्रें पाहिलीं त्या सर्वांच्या पुस्तिका खोक्यांतच घडी न मोडतां पडलेल्या होत्या.

चुन्याचा गुण कोणता, तें प्रथम पाहूं. आरसा आपल्यावर आलेला किरण एकाच दिशेस परतवितो. यंत्र त्या दिशेस नेमकें उभें असलें तर उजेडाचा लोट अंगावर येतो, आणि बोटभर इकडेतिकडे असलें तर जवळजवळ कांहींच येत नाहीं. चुन्याची भिंत याच्या उलट वागते. तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म कणांचा खडबडीतपणा असतो. त्यांतून किरण विखुरतो, आणि खोलींत जो जो म्हणून उभा असेल त्या प्रत्येकाकडे त्याचा थोडाथोडा वांटा जातो. विखुरण्याचा हा नियम योहान लँबर्ट यानें १७६० च्या आपल्या ग्रंथांत मांडला, आणि असा पृष्ठभाग आजहि त्याच्या नांवानें ओळखला जातो. यंत्र कोठूनहि धरा, त्याच्या वांट्याचें उत्तर त्यास मिळतें. मकबऱ्याचा गिलावा मूळचा घोटून झिलई दिलेला होता, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु साडेतीनशें वर्षांच्या उन्हापावसानें ती झिलई पुष्कळ ठिकाणीं उतरली आहे. पाहुण्यांस त्याचें दुःख होतें. यंत्रास तेंच सोयीचें.

येथें कोणी म्हणेल कीं चकाकणारी वस्तु अधिक उजेड देते, तर मग ती मोजावयास सोपी असली पाहिजे. ज्यांनीं आमच्या गांवचा हिमरू हातांत धरून खिडकीशीं हलवून पाहिला आहे त्यांस याचें उत्तर निराळें सांगावयास नको. रेशमी बुटी एका अंगानें रुपेरी झगमगते, आणि मनगट किंचित् वळविलें कीं तीच विझल्यासारखी होते. सुती जमीन मात्र दोन्ही वेळां होती तशीच दिसते. घोटलेली फरशी, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, नव्या घरांतून भिंतभर लावतात त्या चकचकीत टाइल्स, या सर्वांची जात बुटीची आहे. त्यांवर किरण तिरपा पडला तर तो घसरून दुसऱ्याच भिंतीवर जातो, तेथून उजेड त्याच वाटेनें उलटा येतो, आणि यंत्र निःशंकपणें टाइलचें म्हणून त्या दुसऱ्या भिंतीचें अंतर दाखवितें.

आमचा मुलूख मुळांत काळ्या दगडाचा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे थर म्हणजे आमचे डोंगर. दौलताबादचा तासलेला कडा त्याचाच, वेरूळ त्याचेंच, शहराचे जुने दरवाजेहि त्याचेच. या दगडावर पडलेला बहुतेक उजेड दगड गिळून टाकतो. जो थोडा परततो त्यावर यंत्रास निर्वाह करावा लागतो. तें अधिक वेळ घेतें, आणि एकाच ठिकाणचें माप पांच वेळां घेतलें तर पांचहि आंकडे थोडथोडे निराळे येतात. काळा दगड खोटें बोलत नाहीं. फार हळू बोलतो, एवढेंच. त्यांत चैत्रवैशाखांतलें बारा वाजतांचें ऊन असलें म्हणजे बाजारांत कोणीं कानांत गोष्ट सांगावी तशी अवस्था होते : सूर्याच्या उजेडांत ठिपक्याचा उजेड सांपडत नाहीं, आणि यंत्र शेवटीं आंकड्याऐवजीं चुकीची खूण दाखवून गप्प बसतें. पावसानें भिजलेला दगड आणखी काळा. दगडाच्या छिद्रांतून पाणी भरलें कीं आंत शिरलेला उजेड बाहेर पडण्याऐवजीं आंतल्या आंत फिरत राहतो व शोषला जातो; शिवाय वर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो आरशाचें काम करतो तें वेगळेंच.

त्याच काळ्या दगडास शेंदूर फासला म्हणजे मोठी मौज होते. यंत्राचा किरण तांबडा, आणि शेंदूर तांबडा उजेड उदारपणें परत करतो. म्हणून रस्त्याकडेच्या मारुतीचें अंतर यंत्र चटकन् व ठामपणें सांगतें. मात्र तें अंतर शेंदराचें असतें. खालीं दगड किती खोल आहे हें मारुतीस माहीत. उलट हिरव्या रंगाचें जुनें दार तांबडा किरण पुष्कळसा गिळतें, आणि आपल्या डोळ्यांस चांगलें उजळ दिसणारें तें दार यंत्रास अंधारें वाटतें. रंग डोळ्यानें पारखून यंत्राचें सुखदुःख ठरवितां येत नाहीं, तें असें.

कांहीं पदार्थ याहून फसवे असतात, कारण त्यांची कातडी कोठें संपते हेंच नक्की नसतें. थर्माकोल पांढराशुभ्र असतो. परंतु त्यांत हवेच्या असंख्य कुपी असल्यामुळें किरण आंत शिरून भटकतो आणि उशिरां बाहेर येतो. उशीर म्हणजे यंत्राच्या हिशेबीं अंतर. त्यामुळें थर्माकोलचें छत आहे त्यापेक्षां थोडें उंच ठरतें. संगमरवराचेंहि सौम्य प्रमाणांत हेंच. संगमरवरास जें मोहक, आंतून उजळल्यासारखें तेज असतें, तें उजेड पृष्ठाखालीं शिरून पसरल्यामुळेंच असतें. १९९८-९९ त अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या मंडळीनें फ्लॉरेन्स येथील मायकेल अँजेलोच्या ‘डेव्हिड’ची लेसरच्या साहाय्यानें प्रतिकृति टिपली. त्यांचें यंत्र निराळ्या जातीचें, कोनावरून अंतर काढणारें आणि फार सूक्ष्म मापाचें होतें. परंतु संगमरवराच्या आंत पसरणाऱ्या उजेडाचा प्रश्न त्यांसहि आडवा आलाच. ज्या गुणासाठीं शिल्पकारानें दगड निवडला तोच गुण मोजणाऱ्यास अडचण करतो. हातांतल्या साध्या यंत्रास संगमरवरांतली ही चूक क्वचितच दिसेल. त्यास त्याची झिलईच आधीं छळील.

पाण्याचा प्रकार आम्हांस विशेष मनोरंजक वाटतो. पाणचक्कीच्या हौदासारख्या स्वच्छ स्थिर पाण्यावर किरण सरळ खालीं सोडला तर पृष्ठभागावरून फारसा कांहीं परत येत नाहीं. किरण आंत जाऊन तळावरून परततो. पाण्यांत प्रकाशाची गति तीनचतुर्थांश होते, आणि यंत्र तर ती हवेंतलीच धरून चालतें. परिणाम असा कीं तीन हात पाणी यंत्रास चार हात वाटतें. उलट काठावर उभा राहून खालीं पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यास तेंच पाणी सव्वादोन हात दिसतें. एक अधिक सांगतो, दुसरा उणें सांगतो. काठी घालून पाहिली तर तीन हात.

एवढा वेळ वाचकांनीं हें सर्व कौतुक म्हणून वाचलें असेल. मिलिमीटरभर इकडेतिकडे झाल्यानें कोणाचें काय बिघडतें, असेंहि मनांत आलें असेल, आणि बहुतेक घरांच्या बाबतींत तें खरेंच आहे. भिंतीवरचा गिलावाच एका टोंकास बोटभर जाड व दुसऱ्या टोंकास नखभर असतो. तेथें दीड मिलिमीटरचा अभिमान बाळगणारा माणूस हास्यास्पद होय. परंतु कातडीचा दोष नेहमींच मिलिमीटरांत राहतो असें नाहीं. शहराच्या जुन्या वस्तींतील एका वाड्याच्या वांटणींत पंचांपैकीं एक म्हणून आम्हांस बोलावणें आलें होतें. तेथें जें पाहिलें तें सांगतों.

भाऊ दोघे. वडील वारून वर्ष झालें होतें, आई हयात. बाकीची वांटणी सुरळीत झाली. माजघर तेवढें मधोमध दुभागून मध्यें भिंत घालावयाची होती. एका कारागिरानें लेसर-यंत्रानें माप घेतलें. दाराकडच्या अंगानें माजघराची लांबी बावीस फूट आली, आणि आंतल्या अंगानें तेवीस फूट दोन इंच. जुना वाडा, भिंती काटकोनांत असतीलच असें नाहीं. तेव्हां कोणास आश्चर्य वाटलें नाहीं. दोन्ही मापांचे मध्य काढून थोरल्याच्या बाजूनें एका अंगास अकरा फुटांवर व दुसऱ्या अंगास अकरा फूट सात इंचांवर खूण केली, आणि दोरी धरून चुन्याची रेघ मारली. रेघ धाकट्याच्या बाजूस झुकलेली दिसली. माजघराची रुंदी पंधरा फूट. म्हणजे वादाचा जो त्रिकोण निर्माण झाला तो साडेचार चौरस फूटसुद्धां नव्हता. एक माणूस त्यांत नीट झोंपूं शकत नाहीं. परंतु आठ दिवस दोघे भाऊ एकमेकांशीं बोलले नाहींत, आणि त्यापूर्वीं जें बोलले तें न बोलते तर बरें झालें असतें.

आम्ही गेलों तेव्हां आमच्यासोबत एक सेवानिवृत्त नकाशानवीस होते. त्यांनीं वाद ऐकून घेतला नाहीं. ‘यंत्र आणा आणि कारागिरानें जेथें धरलें होतें तेथेंच धरा,’ एवढेंच म्हणाले. किरण सोडला, आणि ते चालत पलीकडच्या भिंतीशीं जाऊन ठिपका शोधूं लागले. त्या अंगास भिंतींत बसविलेलें कांचेच्या दारांचें कपाट होतें. ठिपका कांचेवर नव्हता. कांच ओलांडून, आंतल्या पितळी डब्यांच्या फटींतून, कपाटाच्या चुना दिलेल्या पाठीवर तो तांबडा टिंबासारखा स्वस्थ बसला होता. कपाटाची खोली चौदा इंच. कांचेवर धूळ असती तर त्या धुळीनें कांहीं उजेड परतविला असता, यंत्र निदान घोटाळलें असतें व कोणास शंका आली असती. पण दिवाळी तोंडावर होती आणि धाकट्या सूनबाईंनीं कांचा लखलखीत पुसून काढल्या होत्या. नकाशानवीसांनीं कोनाड्यांत पडलेली एक जुनी लग्नपत्रिका घेतली, तिची कोरी बाजू बाहेर करून कांचेवर धरली, आणि पुन्हां माप घ्यावयास सांगितलें. बावीस फूट आले. पाव इंचाचा काय तो फरक.

या प्रसंगांत आम्हांस बोंचलें तें यंत्राचें चुकणें नव्हे. तेवीस फूट दोन इंच हा आंकडा जर बेचाळीस फूट असा आला असता, तर पोरानेंहि तो मानला नसता. तो खरा वाटण्याजोगा होता. जुन्या घराच्या भिंती तिरप्या असतात हें आपल्यास ठाऊक असलेलें सत्यच त्याच्या मदतीस धांवून आलें. शिवाय यंत्राच्या पाटीवर तो दशांशचिन्हापुढें तीन अंकांपर्यंत लिहिलेला होता. फितीचें माप सांगतांना माणूस ‘अमुक फूट आणि वर थोडें’ असें म्हणतो, त्या ‘थोड्या’ला या पाटीवर जागा नाहीं. रेघ पुसली व नीट मारली. धाकटा म्हणाला, “दादा, तुम्ही माणूस फितविलात असें मी म्हणालों, तें सोडून द्या.” थोरल्यानें मान हालविली, पण वडिलांच्या आजारपणाच्या खर्चाचा जो उल्लेख त्या आठ दिवसांत झाला होता, तो कोणीं परत घेतला नाहीं. भिंत आतां उभी आहे, आणि ती बरोबर मध्यावर आहे.

मोजणीच्या कामांत चुकीची जागा नेहमीं एकच राहत नाहीं; ती घर बदलीत असते. विल्यम लँबटन यानें हिंदुस्थानच्या महा-त्रिकोणमितीय मोजणीचें काम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासकडून सुरू केलें. १८१५ त त्यानें बीदरजवळ, म्हणजे त्या काळच्या निजामी मुलखांत, आधाररेषा मोजली. आणि १८२३ च्या जानेवारींत हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याचें साधन पोलादी सांखळी. ती लांकडी पेटाऱ्यांतून ताणून धरावयाची, शेजारीं उष्णतामापकें ठेवावयाचीं, आणि उन्हानें पोलाद किती वाढलें याचा हिशेब प्रत्येक मापांत धरावयाचा. त्याची सारी धास्ती आपल्या साधनाविषयीं होती. ज्या जमिनीवर सांखळी पडे ती काळी कीं पांढरी, कोरडी कीं ओली, याची त्यास पर्वा नव्हती. आज साधन जवळजवळ निर्दोष झालें आहे, तर संशय मोजल्या जाणाऱ्या वस्तूकडे वळला आहे. तेव्हांच्या मोजणीदारांनीं दूरच्या शिखरावरची खूण दिसावी म्हणून पुढें आरसे वापरले, त्यांतून सूर्याचा कवडसा मैलोगणती दूर पाठविला. आज तोच आरसा भलत्या ठिकाणीं आला तर आपण त्यास शत्रु समजतों.

मात्र आरशाचीहि एक जात उपकारक आहे. एकमेकांशीं काटकोनांत बसविलेले तीन आरसे असले, तर त्यांच्या कोपऱ्यांत आलेला किरण कोणत्याहि दिशेनें येवो, तो आल्या वाटेनेंच परत जातो. १९६९ त अपोलो-११ च्या प्रवाशांनीं चंद्रावर अशा कोपऱ्यांची एक चौकट ठेवली, आणि पृथ्वीवरून लेसर सोडून चंद्राचें अंतर आज मिलिमीटरांच्या घरांत मोजतात. चंद्राची माती काळपट आणि ओबडधोबड. तिच्या भरंवशावर हें काम झालें नसतें. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम यानावरहि असे आठ कोपरे असलेलें, अवघें दोन इंच रुंदीचें एक साधन आहे. १२ डिसेंबर २०२३ रोजीं चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकी यानानें सुमारें शंभर किलोमीटरांवरून लेसर टाकला आणि विक्रमकडून उत्तर आलें. परंतु चंद्रावरच्या जुन्या चौकटींकडून येणारा उजेड अपेक्षेच्या दशांशावर आला आहे असें शास्त्रज्ञांस आढळलें, आणि बहुधा त्यांवर बसलेल्या धुळीचा हा परिणाम असावा असें मानतात. वाड्यांतल्या कांचेवर धूळ असती तर बरें झालें असतें, आणि चंद्रावरच्या आरशांवर ती नसती तर बरें झालें असतें.

घरगुती वांटणींतला पाव इंच आम्हीं सोडून दिला. जेथें तो सोडतां येत नाहीं अशी एक जागा आमच्या शहरापासून अवघ्या तीस किलोमीटरांवर आहे. वेरूळच्या कैलासाचें अंगण लांबीस २७६ फूट, रुंदीस १५४ फूट, आणि मागचा कडा १०७ फूट उंच, अशीं मापें बर्जेससारख्या जुन्या संशोधकांच्या वेळेपासून ग्रंथांतून देतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, वरून खालीं खोदीत आणलेलें हें देऊळ. तें किती फूट आहे याची जिज्ञासा त्या आंकड्यांनीं भागली आहे. पुढचा प्रश्न निराळा आहे. अमुक छताची चीर गेल्या वर्षापेक्षां रुंदावली काय ? अमुक खांब, अमुक कडा केंसभर तरी हलला काय ? येथें उत्तर मिलिमीटरांतच असतें, आणि तें चुकलें तर दोन्हींकडून अनर्थ : न हललेल्या दगडास लोखंडाचे टेकू लागतात, किंवा हललेला दगड तसाच राहतो.

अशा कामासाठीं आतां क्षणांत हजारों ठिपके टाकणारीं मोठीं लेसर-यंत्रें आहेत. परंतु ठिपका म्हणजे गणितांतला बिंदु नव्हे. साध्या हातयंत्राचाच घेतला तर दहा मीटरांवर तो सुमारें सहा मिलिमीटर रुंद असतो, भिंतीवर तिरपा पडला तर आणखी लांबट होतो, आणि खांबाच्या धारेवर पडला तर अर्धा खांबावर व अर्धा मागच्या भिंतीवर बसून दोहोंच्या मधल्या, हवेंतल्या जागेचें अंतर सांगतो. कैलासाच्या अंगावर तर छिन्नीचे घाव आहेत, धुराची काजळी आहे, आणि ज्या चुन्याच्या लेपामुळें त्यास पूर्वीं रंगमहाल म्हणत त्याचे तुकडे आहेत. हातभर जागेंत काळें, पांढरें, खडबडीत आणि घोटींव असें सर्व शेजारीं शेजारीं नांदतें. ठिपका अर्धा चुन्यावर व अर्धा दगडावर पडला तर उत्तरांत चुन्याचाच आवाज मोठा. यांतच पावसाळा घ्या. श्रावणांत माप घेतलें तेव्हां कडा पाझरत होता, आणि पुढच्या फाल्गुनांत घेतलें तेव्हां तो कोरडा ठणठणीत होता. दोन आंकड्यांत जो फरक येईल तो दगड हलल्याचा कीं दगड वाळल्याचा, हें नुसत्या आंकड्यावरून ओळखण्यास मार्ग नाहीं.

उपाय नाहींत असें नाहीं. ज्या जागेची चिंता आहे तेथें, दगडास इजा न होईल अशा रीतीनें, पांढऱ्या मळकट पृष्ठाची खूणपट्टी किंवा ते तीन आरशांचे कोपरे कायमचे बसवावे आणि दरवर्षीं त्यांनाच विचारावें; माप त्याच महिन्यांत, त्याच प्रहरीं, शक्य तर सूर्य वर येण्यापूर्वीं घ्यावें; उभें राहण्याची जागाहि तीच असावी. यांपैकीं कांहींहि खर्चाचें नाहीं. याहून स्वस्त गोष्ट म्हणजे नोंदवही. जुन्या सांखळीवाल्यांच्या वहींत अंतराच्या रकान्याशेजारीं उष्णतेचा रकाना असे. लेसरवाल्यांच्या वहींत तसाच एक रकाना भिंतीसाठीं आंखावा, आणि अंतर लिहिणाऱ्यानें त्यांत दोन शब्द लिहावे : कोरडी, ओली, काळी, चुन्याची, उन्हांत, सांवलींत, आणि मध्यें कांच होती काय.